टॉकबॉक्स प्लगइनमधून शब्द स्पष्ट कसे काढावेत: तयारीपासून अंतिम मिक्सपर्यंतचा क्रम

गायनाच्या ट्रॅकवर टॉकबॉक्सचे, म्हणजे वाद्याच्या सुराला बोलायला लावणारे, प्लगइन बसवायचे, एकामागून एक प्रीसेट (तयार मांडण्या) चाळायचे आणि सिंथेसायझर बोलण्याऐवजी नुसता गुरगुरतो आहे असे दिसले की दुसरे प्लगइन शोधायला लागायचे, हा प्रकार घरगुती स्टुडिओंमध्ये सर्रास चालतो. दोष बहुतेक वेळा प्लगइनचा नसतो. त्यात जाणारा आवाज आणि त्यात जाणारा सूर या दोहोंची तयारी झालेली नसते, आणि पुढच्या पायऱ्याही उलटसुलट क्रमाने घेतलेल्या असतात. आयझोटोपचे व्होकलसिंथ २, वेव्हजचे ओव्हॉक्स, लॉजिक या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमधले ईव्हीओसी २० किंवा एबलटन लाइव्हमधला व्होकोडर यांपैकी काहीही वापरले तरी खाली दिलेला क्रम बहुतांशी तसाच राहतो. बटणांची नावे तेवढी बदलतात.

## आधी समजून घ्यावे: कोणता संकेत कोणते काम करतो

खऱ्या टॉकबॉक्समध्ये सिंथेसायझरचा किंवा गिटारचा आवाज एका नळीतून वादकाच्या तोंडात सोडला जातो, वादक कंठातून आवाज न काढता फक्त ओठ आणि जीभ हलवतो, आणि तोंडाने घडवलेला तो सूर समोरचा माइक टिपतो. प्लगइनमध्ये नळी नसते. ते गायकाच्या ध्वनिमुद्रित आवाजातून तोंडाच्या आकाराचा ठसा, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येच्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे याचा क्षणोक्षणीचा नकाशा, काढून घेते आणि तो सिंथेसायझरच्या सुरावर उमटवते. ज्या आवाजातून हा ठसा घेतला जातो त्याला मॉड्युलेटर म्हणतात आणि ज्या सुरावर तो उमटतो त्याला कॅरियर म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की शब्द मॉड्युलेटरमधून येतात आणि चाल कॅरियरमधून येते, त्यामुळे मॉड्युलेटर सुरात गायलेला असण्याची गरज नसते. आवाजाची पट्टी ओळखून स्वतःच सूर ठरवणाऱ्या स्वयंचलित पद्धतीत तेवढी ती असते. मॉड्युलेटरवर तासन्‌तास सूरदुरुस्ती करत बसणे म्हणूनच निव्वळ वेळ घालवणे आहे. दुसरी गोष्ट अशी की कॅरियरमध्ये ज्या कंपनसंख्या मुळातच नाहीत त्यांना कोणतेही प्लगइन आकार देऊ शकत नाही. पुढच्या बहुतेक चुका या दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

## १. आवाजाचे ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. माइक तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटरवर असावा, मध्ये पॉप फिल्टर असावा आणि कानांवर बंद प्रकारचे हेडफोन असावेत, कारण हेडफोनमधून गळणारी तालाची टिकटिकसुद्धा प्लगइनला बोलण्यासारखीच वाटते आणि ती सिंथेसायझरच्या आवाजात उमटते. पातळीचे शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. खोलीचा घुमारा हा येथे सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण घुमाऱ्यात आधीच्या अक्षराचा ठसा पुढच्या अक्षरावर सांडतो. गाद्या, रजया आणि जाड पडदे यांनी जेवढी खोली मऊ करता येईल तेवढी करावी.

ओळ गाऊ नये, तर लयीत आणि एकाच खालच्या पट्टीवर बोलावी. याचे कारण साधे आहे. १२० हर्ट्झच्या आवाजात दर १२० हर्ट्झवर एक स्वरांश (मूळ सुराच्या पटीतला घटक सूर) सापडतो, त्यामुळे तोंडाच्या आकाराचा नकाशा दाट आणि तपशीलवार मिळतो. तीच ओळ ४०० हर्ट्झवर गायली तर ४००, ८००, १२०० असे विरळ बिंदूच हाती लागतात आणि मधला आकार प्लगइनला अंदाजाने भरावा लागतो. उंच पट्टीच्या गायिकांनीही या कामासाठी आपल्या बोलण्याच्या नैसर्गिक पट्टीत किंवा तिच्या थोडे खाली बोलावे.

उच्चार नेहमीपेक्षा ठळक करावेत, विशेषतः शब्दाच्या शेवटी. मराठीत ‘घर’, ‘वाट’, ‘पाऊस’ अशा असंख्य शब्दांचा शेवट उच्चारात व्यंजनानेच होतो आणि ते शेवटचे व्यंजन गिळले गेले की ‘वाट’ आणि ‘वास’ यांत ऐकणाऱ्याला फरक करता येत नाही. महाप्राण व्यंजने, म्हणजे ख, घ, थ, ध, भ यांसारखी, श्वासाचा झोत स्पष्ट ऐकू येईल अशी उच्चारावीत. आरशासमोर थोडे नाटकी वाटेल इतपत अतिशयोक्ती चालते. सुरावर उमटल्यानंतर तिचा बराच भाग झडून जातो.

इशारा: कुजबुजून बोलल्यास मोहक परिणाम मिळेल असा एक समज आहे. कुजबुजीत कंठस्वर नसल्यामुळे सघोष (कंठातून सूर निघणारे) आणि अघोष (सूर नसलेले) आवाज वेगळे ओळखणारा प्लगइनचा भाग सगळ्यालाच अघोष समजतो आणि सुराऐवजी खरखर निघते. तो भाग बंद ठेवायचा असेल तरच कुजबुज वापरावी.

## २. आवाजाची प्रक्रिया: क्रम बदलू नये

येथे नेहमीच्या गायनावर चढवली जाणारी साखळी जशीच्या तशी उचलू नये. क्रम असा ठेवावा: आधी साफसफाई, मग गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), मग कंप्रेसर (मोठे-लहान आवाज सारखे करणारा), मग इक्वलायझर (कंपनसंख्येनुसार पातळी बदलणारा), आणि त्यानंतर टॉकबॉक्स.

साफसफाई म्हणजे श्वास, ओठांचे चुटके आणि ओळींमधली खोलीची गुणगुण हाताने कापून टाकणे. श्वास राहिला तर सिंथेसायझर श्वास घेतो, आणि ते क्वचितच हवे असते. गेटची मर्यादा खोलीच्या शांततेपेक्षा जेमतेम वर ठेवावी आणि त्याचा थांबण्याचा काळ (होल्ड) ८० ते १०० मिलिसेकंद असावा, अन्यथा शब्दान्तीची ती व्यंजने आणि सगळे ‘ह’ गेट खाऊन टाकतो. नीट हाताने साफ केलेल्या फाइलला गेटची गरज उरत नाही. वेळ असेल तर गेट वगळण्याकडेच माझा कल असतो.

कंप्रेसरवर ४:१ गुणोत्तर ठेवून ६ ते ८ डेसिबल पातळी कमी होईल असे करावे. नेहमीच्या गायनासाठी हे जास्त वाटेल, पण येथे गायकाचे चढउतार नको असतात. प्रत्येक अक्षर सारख्या जोराने पोहोचायला हवे असते. त्यानंतर इक्वलायझरने १०० हर्ट्झच्या खालचे काढून टाकावे आणि सुमारे ३,००० हर्ट्झच्या वर ३ ते ४ डेसिबलची वाढ द्यावी. माणसाच्या आवाजात वरच्या भागात ऊर्जा मुळातच कमी असते आणि व्यंजनांची ओळख त्याच भागात दडलेली असते.

इशारा: टॉकबॉक्सच्या आधी डी-एसर, म्हणजे स-शची तीक्ष्णता कमी करणारे प्लगइन, लावू नये. सवयीने लावला जाणारा हा डी-एसर नेमके तेच स आणि श कापून टाकतो ज्यांच्यासाठी पुढे पाचव्या टप्प्यात धडपड करावी लागते. शिट्टी खुपत असेल तर ती टॉकबॉक्सच्या नंतर आवरावी. रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) यांनाही आधीच्या साखळीत जागा नाही.

## ३. कॅरियर घडवणे

सिंथेसायझरमध्ये सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) लहर घ्यावी. तिच्यात मूळ सुराचे सर्व पूर्णांकी स्वरांश असतात, म्हणून तोंडाचा आकार कुठेही पडला तरी त्याला उमटायला काहीतरी मिळते. चौकोनी लहरीत फक्त विषम स्वरांश असल्यामुळे शब्द थोडे पोकळ येतात, आणि साइन लहरीत एकच स्वरांश असल्यामुळे शब्द येतच नाहीत. मऊ पॅडचे प्रीसेट निवडणारे येथेच अडकतात, कारण पॅड मऊ वाटतो तो त्याचा फिल्टर बंद असल्यामुळे, म्हणजेच वरचे स्वरांश कापलेले असल्यामुळे. लो-पास फिल्टर (वरच्या कंपनसंख्या कापणारा) पूर्ण उघडा ठेवावा. सूर एकट्याने ऐकताना कर्कश आणि माशीसारखा भुणभुणणारा वाटला तर तो योग्य आहे.

दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) ५ ते ८ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा, अर्ध्या सुराचा, शंभरावा भाग) इतक्या सूक्ष्म अंतराने लावल्यास आवाज भरीव होतो. त्याहून जास्त अंतर ठेवल्यास होणारी थरथर अक्षरांत मिसळते. एन्व्हलपमध्ये, म्हणजे सुराच्या चढण्या-उतरण्याच्या मांडणीत, अटॅक (चढण्याचा काळ) जवळजवळ शून्य, सस्टेन (टिकण्याची पातळी) पूर्ण आणि रिलीज (विरण्याचा काळ) अल्प असावा. की किती जोराने दाबली यावरून पातळी बदलू देऊ नये. शब्दांची चढउतार मॉड्युलेटर ठरवत असतो. कॅरियरने त्यात स्वतःची भर घातली की दोन्हींची गल्लत होते.

पाश्चात्त्य सिंथेसायझरच्या बाहेरचे वाद्य वापरायचे असेल तर पेटीचा नमुना उत्तम काम देतो, कारण तिच्यातल्या धातूच्या पट्टीच्या (रीडच्या) कंपनातून स्वरांशांची दाट रास निघते आणि भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो. बासरी चालत नाही. तिच्यात वरचे स्वरांश फारच क्षीण असतात. तानपुऱ्यात स्वरांश भरपूर असतात, पण प्रत्येक छेडीनंतर सूर विरत जातो आणि नेमक्या त्या विरण्यात शब्द हरवतात, म्हणून तानपुरा वापरायचाच तर त्याच्या फाइलवर जोरकस कंप्रेसर लावून पातळी सपाट करून घ्यावी.

आता पट्टीविषयी, कारण सर्वांत जास्त प्रयोग येथे फसतात. पहिल्या टप्प्यातला विरळ बिंदूंचा नियम कॅरियरलाही लागू होतो. काळी एकचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास धरला तर मंद्र पंचम १०४ वर आणि तार सा २७७ वर येतो, आणि या मर्यादेत शब्द उत्तम वाचले जातात. तार पंचम ४१६ वर जातो, तेव्हा मात्र अडचण येते: ‘ई’ आणि ‘ऊ’ या स्वरांचा पहिला फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळे ठळक होणारा कंपनसंख्येचा भाग) साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तेथे सुराचा एकही अंश शिल्लक नसतो, म्हणून ‘ई’ आणि ‘ए’, ‘ऊ’ आणि ‘ओ’ एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. चाल उंच जात असेल तर कॅरियरमध्ये एक सप्तक खालचा सूर हळूच मिसळावा, किंवा उंच जागी ‘आ’ येईल अशी शब्दरचना निवडावी. गीतकार शेजारी बसलेला असेल तर दुसरा मार्ग अधिक चांगला.

इशारा: सप्तकांचे क्रमांक सॉफ्टवेअरनुसार बदलतात. मिडी (सूर वाजवण्याच्या सूचनांची संगणकीय नोंद) क्रमांक ६० असलेला मध्य सी एबलटन आणि लॉजिकमध्ये सी ३ म्हणून दिसतो, तर एफएल स्टुडिओमध्ये सी ५ म्हणून दिसतो. कोणाच्या व्हिडिओत पाहून सूर उतरवून घेताना मिडी क्रमांक किंवा हर्ट्झ पाहावे.

## ४. जोडणी

जोडणीचे तीन प्रकार आढळतात. व्होकलसिंथ आणि ओव्हॉक्ससारख्या प्लगइनमध्ये सिंथेसायझर आतच असतो: प्लगइन गायनाच्या ट्रॅकवर इन्सर्ट करावे आणि वेगळ्या मिडी ट्रॅकचे आउटपुट त्याच्याकडे वळवावे. व्होकलसिंथमध्ये मिडीची पद्धत निवडली नाही तर ते स्वयंचलित पद्धतीत राहते आणि वाजवलेले सूर सोडून गायकाच्या पट्टीमागे धावते; ‘मी वाजवतो एक आणि येते भलतेच’ या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते.

ईव्हीओसी २० मध्ये उलटे आहे. हे वाद्य असल्यामुळे ते वाद्याच्या ट्रॅकवर बसते आणि गायनाचा ट्रॅक त्याच्या खिडकीच्या वरच्या साइडचेन (दुसऱ्या ट्रॅकचा आवाज आत घेण्याच्या) यादीतून निवडावा लागतो. गायनाच्या मूळ ट्रॅकचे आउटपुट बंद करण्यास विसरू नये, नाहीतर कोरडा (प्रक्रिया न झालेला) आवाज सोबत ऐकू येत राहतो आणि टॉकबॉक्स फार स्पष्ट झाल्याचा भास होतो. एबलटनचा व्होकोडर गायनाच्या ट्रॅकवर बसवून त्यात कॅरियर ‘एक्स्टर्नल’ करावा, सिंथेसायझरचा ट्रॅक निवडावा आणि त्या ट्रॅकचे स्वतंत्र ऐकू येणे ‘सेंड्स ओन्ली’ करून थांबवावे.

तपासणी: फक्त मिडी वाजवावा आणि गायन बंद ठेवावे, काहीही ऐकू येता कामा नये. मग फक्त गायन वाजवावे आणि मिडी बंद ठेवावा. पुन्हा काहीही ऐकू येता कामा नये. दोन्ही एकत्र चालू केल्यावरच आवाज आला तर जोडणी बरोबर आहे. एकट्या गायनाने आवाज येत असेल तर कोरडा ट्रॅक गळतो आहे किंवा अघोष आवाजांसाठीचा गोंगाट चालू आहे. दुसरे कारण असेल तर फक्त स, श अशा जागीच फुसफुस येते आणि ती चालते.

## ५. प्लगइनमधील मांडणी

कंपनसंख्येच्या पट्ट्यांची (बँडची) संख्या १६ ते २४ ठेवून सुरुवात करावी. शब्द कळले नाहीत तर ती वाढवावी. एबलटनमध्ये ४० पर्यंत आणि ईव्हीओसीमध्ये २० पर्यंत जाता येते. ज्या प्लगइनमध्ये पट्ट्यांचा पर्यायच नाही तेथे ही पायरी सोडावी.

अटॅक १ ते ५ मिलिसेकंद आणि रिलीज २० ते ६० मिलिसेकंद या टप्प्यात ठेवावा. सर्वसाधारण बोलण्यात एक अक्षर २०० मिलिसेकंदांच्या आसपास संपते आणि त्यातले व्यंजन त्याहून कितीतरी लहान असते, त्यामुळे रिलीज २०० वर ठेवला की प्रत्येक व्यंजनावर मागच्या स्वराची शेपटी पसरते. अनेक प्रीसेटमध्ये तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो, कारण ओळ संथ असेल तर तसा आवाज गुळगुळीत आणि श्रीमंत वाटतो. जलद शब्दांवर तोच प्रीसेट कुचकामी ठरतो.

अघोष व्यंजनांचा प्रश्न आता सोडवावा. स, श, फ यांत आणि ख, थ, ठ यांच्या श्वासझोतात कंठाचा सूर नसतो, तर फक्त गोंगाट असतो, आणि सॉटूथ लहरीत गोंगाट नाही. म्हणून प्लगइन त्या जागी वेगळा गोंगाट मिसळते. एबलटनमध्ये हे ‘अनव्हॉइस्ड’ आणि ‘सेन्स’ या बटणांवर असते, ईव्हीओसीमध्ये ‘यू-व्ही डिटेक्शन’ या भागात असते. संवेदनशीलता हळूहळू वाढवत जावी आणि स्वरांवरही फुसफुस ऐकू येऊ लागली की किंचित मागे यावे. हे समाधानकारक होत नसेल तर दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे: कोरड्या गायनाची प्रत वेगळ्या ट्रॅकवर घ्यावी, ४,००० हर्ट्झच्या खालचे सगळे कापावे आणि उरलेले टॉकबॉक्सखाली अगदी हळू मिसळावे. स्वरांचा सूर त्या प्रतीत जवळपास उरत नाही, म्हणून चाल बिघडत नाही, आणि व्यंजने मात्र परत येतात. मराठी शब्दांसाठी मी हाच मार्ग सुचवेन, कारण महाप्राणांची एवढी गर्दी तयार प्रीसेटच्या हिशेबात धरलेली नसते.

फॉर्मंटचे बटण सर्वांत शेवटी आणि दोन सेमीटोनच्या आत फिरवावे.

तपासणी: ‘खिडकीतून थंड वारा शिरला, फाटक उघडे राहिले’ असे एखादे वाक्य मुद्दाम ध्वनिमुद्रित करून साखळीतून काढावे आणि ते वाक्य आधी न ऐकलेल्या माणसाला लिहून घ्यायला सांगावे. ज्याला शब्द पाठ आहेत त्याच्या कानावर या बाबतीत विश्वास ठेवू नये. ओळ स्वतः लिहिणाऱ्याला ती गुरगुरण्यातूनही ऐकू येते.

## ६. मिडी आणि आवाज यांचा मेळ

अक्षरातला स्वर तालावर पडायला हवा आणि व्यंजन त्याच्या किंचित आधी. म्हणून मिडीचा नवा सूर व्यंजनाच्या आरंभी सुरू झालेला बरा, म्हणजे तालाच्या ३० ते ६० मिलिसेकंद आधी. मिडी सरळ तालावर चिकटवून ठेवला की ‘म’, ‘न’, ‘ल’ यांसारखी सघोष व्यंजने आधीच्या सुरात अडकतात आणि गाणे मागे ओढल्यासारखे वाटते. क्वांटाइझ करून (सूर तालाच्या जागांवर चिकटवून) झाल्यावर संपूर्ण मिडी तेवढा आधी सरकवणे पुरेसे असते.

कॅरियर एकसुरी (एका वेळी एकच सूर वाजवणारा) ठेवून लेगॅटो (सूर न तोडता जोडण्याची पद्धत) चालू करावे आणि सुरांची टोके एकमेकांवर जराशी चढवावीत, तरच ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) काम करतो. ४० ते ८० मिलिसेकंदांचा ग्लाइड साध्या चालीला पुरतो. मींड हवी असेल तर ग्लाइडवर अवलंबून राहू नये, कारण त्याची गती ठरीव असते. पिचबेंड चाकाने ती हाताने वाजवावी आणि चाकाची मर्यादा आधी पाच किंवा सात सेमीटोनवर नेऊन ठेवावी. मींड एकाच लांब स्वरावर घ्यावी. अक्षर बदलताना मींड चालू राहिली तर ना अक्षर धड कळते ना मींड.

वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर असावा; ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. मास्टर ट्रॅकवर पुढे पाहणारा लिमिटर किंवा लिनियर फेजचा इक्वलायझर असेल तर तो तेवढ्यापुरता बंद करावा, कारण बफर कितीही कमी केला तरी त्याचा विलंब राहतोच.

## ७. मिक्समध्ये बसवणे

खऱ्या नळीतून आलेल्या आवाजाची आठवण हवी असेल तर १५० हर्ट्झच्या खाली आणि सुमारे ७,००० हर्ट्झच्या वर कापावे आणि १,००० ते २,५०० हर्ट्झच्या दरम्यान थोडी वाढ द्यावी. हे इक्वलायझर फक्त टॉकबॉक्सच्या ट्रॅकवर असावे. पाचव्या टप्प्यातली व्यंजनांची प्रत त्याच बसमध्ये (एकत्रित ट्रॅकमध्ये) टाकून सगळ्या बसवर हे कापणे लावले, तर परत आणलेली व्यंजने पुन्हा नाहीशी होतात. ही चूक इतक्या वेळा दिसते की बस तयार करतानाच ती आठवावी. डी-एसर लागलाच तर आता, व्यंजनांच्या प्रतीवर.

टॉकबॉक्सचा मूळ आवाज मध्यभागी आणि मोनोच ठेवावा. रुंदी हवी असेल तर ती डिले आणि रिव्हर्बच्या परतीच्या ट्रॅकवर निर्माण करावी. टॉकबॉक्सवर रुंदीकरणाचे प्लगइन लावल्यास मोबाइलच्या एकाच स्पीकरवर शब्द पातळ पडतात. रिव्हर्ब एक ते दीड सेकंदाच्या आत ठेवावा आणि त्याच्या परतीवर ३०० हर्ट्झच्या खालचे कापावे. त्याच पट्टीतली गिटार किंवा कीबोर्ड शब्दांना झाकत असेल तर टॉकबॉक्स वाढवण्याऐवजी त्या वाद्याचे २,००० हर्ट्झच्या आसपासचे दोन-तीन डेसिबल कमी करावेत.

तपासणी: मिक्स फोनच्या स्पीकरवर, अगदी कमी आवाजात ऐकावे. सूर ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत असे झाले तर दुसऱ्या आणि पाचव्या टप्प्याकडे परत जावे. शब्द कळतात पण सूर हरवतो असे झाले तर व्यंजनांच्या प्रतीची पातळी फार मोठी आहे.

## ८. फाइल जतन करणे

टॉकबॉक्सचा ट्रॅक ऑडिओ म्हणून बाउन्स करावा (नव्या फाइलमध्ये उतरवावा), पण कोरडे गायन, मिडी आणि सिंथेसायझरचा प्रीसेट हे तिन्ही प्रोजेक्टमध्ये बंद अवस्थेत राहू द्यावेत. निर्मात्याने पट्टी बदलायला सांगितल्यास बाउन्स केलेला ऑडिओ सरकवू नये, कारण त्याबरोबर फॉर्मंटही सरकतात आणि आवाज कार्टूनमधल्यासारखा होतो. मिडी हलवून नव्याने बाउन्स केले की शब्द जागच्या जागी राहतात. फाइलच्या नावात पट्टी आणि गती लिहून ठेवावी आणि व्यंजनांची प्रत वेगळी फाइल म्हणून पाठवावी, म्हणजे मिक्स करणाऱ्याला तिची पातळी स्वतंत्रपणे ठरवता येते.